जावयाच्या घाईबद्दल चार शब्द

तीर्थस्वरूप ऑर्विलदादास,

धाकट्या लायलचा नमस्कार. तुझा डावा गुडघा आता जिने चढू देतो का? नसेल देत तर डॉक्टर बदल, गुडघा बदलू नकोस. इकडे नेब्रास्कात आम्ही दोघं ठीक आहोत. आर्डिसचं रक्तदाब मोजायचं यंत्र बिघडलंय, त्यामुळे तिची प्रकृती उत्तम आहे. तू पाठवलेला धुरावलेला सामन मासा मिळाला. अर्धा आम्ही खाल्ला, अर्धा शेजारच्या मांजरानं. दोघांनाही आवडला.

आता मुद्द्याचं. तू गेल्या पत्रात पुन्हा लिहिलंस, की फुटबॉलमध्ये चढाई म्हणजे वेग. एक डाव संपला की समोरच्याला श्वास घ्यायच्या आत दुसरा टाकायचा. दादा, तू स्पोकेनला बसून टीव्हीवर बघतोस, तुझं काय जातंय? मला चौदाव्या रांगेत लाकडी बाकावर बसून बघावं लागतं. आपल्या कॉटनवुड कॉलेजात डाव सांगायचं काम गेल्या वर्षी कोल्बीकडे आलं (आपला जावई म्हणून सांगत नाही, पोरगा कष्टाळू आहे, फक्त पायाला चाकं लावून जन्माला आलाय), आणि तेव्हापासून आमच्या गावात कुणालाही हॉट डॉगवर मोहरी लावता आलेली नाही. मान खाली घातली की एक डाव गेला, वर केली की दुसरा. आर्डिस हात धुवायला गेली तेवढ्यात दोन टचडाउन झाले, एक आमचं आणि एक त्यांचं. पूर्वी कसं, पोरं घोळका करायची, डोक्याला डोकं लावून काय ते ठरवायची, तोपर्यंत आपण शेजाऱ्याला मक्याचं पीक कसं आहे ते विचारायचो. खेळात थोडा संसार होता!

आणि हे नुसतं म्हाताऱ्याचं रडगाणं नाही. ऑक्टोबरात आपण एकोणपन्नास गुण करून हरलो, कारण त्यांनी बावन्न केले. का केले? तर कोल्बीची चढाई तीन वेळा अकरा-अकरा सेकंदांत चेंडू देऊन परत आली आणि आपले बचावाचे गडी पाण्याची बाटली तोंडाला लावतात न लावतात तोच पुन्हा मैदानात. तो मधला जाडा पोरगा (बीट पिकवणाऱ्या घरचा, बैलासारखा) शेवटी गुडघ्यावर बसून देवाचं नाव घेत होता. मुख्य प्रशिक्षकाला वाटलं, भक्ती आहे.

हे कुणीतरी बोलायला हवं होतं. दर सोमवारी संध्याकाळी रेडिओवर कोल्बी लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देतो. मी फोन लावला. सासऱ्यानं जावयाला चारचौघांत बोलणं बरं दिसत नाही, म्हणून नाव सांगितलं एल्मर, आणि आवाज थोडा घोगरा काढला. म्हटलं, “प्रशिक्षकसाहेब, पोरांना घोळका करू द्या, विचार करू द्या. दोन डावांमध्ये चाळीस सेकंद मिळतात ते काय शिंकायला?” कोल्बीनं फार आदरानं ऐकून घेतलं. म्हणाला, तुमचं म्हणणं चुकीचं नाही, पण आपली पोरं अंगानं लहान आहेत, समोरच्याला दमवलं नाही तर आपलं चालत नाही. मी त्यावर असं काही तोडीस तोड उत्तर देणार, तेवढ्यात माझ्या डोक्यावरच्या भिंतीवरून आजीच्या कुक्कू घड्याळातला पक्षी बाहेर आला आणि सात वेळा ओरडला. आमच्या जिल्ह्यात तसं घड्याळ एकच आहे. कोल्बी म्हणाला, “एल्मरकाका, रविवारी सासूबाई जेवायला काय करणार आहेत, तेवढं विचारून सांगता का?”

दुसऱ्या दिवशी टपाल टाकायला गेलो तर पोस्टातल्या बाईंनी “या एल्मर” म्हणून स्वागत केलं. मार्ली आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. लेकीचा अबोला म्हणजे काय ते तुला तीन मुलगे असल्यामुळे कळायचं नाही. रविवारी तिनं माझ्यापुढं उकडलेले बटाटे असे ठेवले, जणू पुरावा सादर करतेय.

कोल्बी मात्र रागावला नाही. त्यानं त्याहून वाईट केलं. एप्रिलमध्ये संघाचे दोन भाग करून आपसात सराव सामना होतो, त्यात एका पाहुण्याला खेळाच्या दुसऱ्या पाव भागाचे, म्हणजे पंधरा मिनिटांचे, डाव सांगायला देतात. एरवी महापौर असतो, नाहीतर दंतवैद्य. या वर्षी त्यानं जाहीर केलं, एल्मर.

दादा, मी तीन आठवडे तयारी केली. एका पुठ्ठ्यावर सहा डाव लिहिले, चार उजवीकडे धावायचे, एक डावीकडे, आणि एक लांब फेक, जरूर पडलीच तर. पोरांशी बोलायचं यंत्र कानाला लावून रेषेवर उभा राहिलो. पहिला डाव, उजवीकडे, चार यार्ड. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वळून आर्डिसला हात केला, वारा कुठून येतोय ते बघितलं, चष्मा पुसला, पुठ्ठ्यावर बोट ठेवलं, आणि शिट्टी. वेळ संपली, दंड म्हणून पाच यार्ड मागे. ठीक आहे, म्हटलं, आता लक्ष देऊ. तर डावं की उजवं यावर मनाचं नक्की होईना, आणि पुन्हा शिट्टी. तिसऱ्या वेळी कानात आमच्या चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचा, त्या ओझीचा आवाज आला, “काका, काहीही सांगा. जेवणात काय हवं ते सांगा, मी त्याचा डाव करतो.” चाळीस सेकंद किती लहान असतात, दादा! बाकावरून कधी कळलं नव्हतं. माझ्या संघानं पहिल्या तेरा मिनिटांत एकंदर नऊ यार्ड कमावले आणि पस्तीस गमावले. चौदाव्या रांगेतले माझे स्वतःचे मित्र ओरडत होते, “लायल, हलव की काहीतरी!”

शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा कोल्बी मागून आला, माझ्या हातातला पुठ्ठा काढून घेतला आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “बाबा, आता विचार नको. जे दिसेल ते बोला.” मी बोलत सुटलो. उजवीकडे! परत तिकडेच! डावीकडे, ते झोपलेत! पुन्हा! फेक रे लांब! पन्नास सेकंदांत पाच डाव आणि टचडाउन. मी पंचाला मिठी मारली. पंच आपल्या चर्चचे पाद्रीच असल्यामुळे निभावलं. छाती अशी धडधडत होती, की एकोणीसशे सत्त्याऐंशीत तू चालू सामन्यात मैदानात घुसलास तेव्हाही तशी धडधडली नव्हती.

“कसं वाटलं?” कोल्बीनं विचारलं.

“दमायला झालं,” मी म्हटलं. “हेच तर सांगतोय वर्षभर.”

तेव्हा माझं मत होतं तिथंच आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा,
लायल

ता. क. आर्डिसनं पत्र वाचलं. ती म्हणते, खरं लिही. तर त्या शेवटच्या पाचांतल्या चौथ्या डावानंतर माझ्या कानावरच्या यंत्राची बॅटरी संपली होती. ती लांब फेक ओझीनं आपल्या मनानं केली. मी ओरडलो हे मात्र खरं आहे.

ता. क. दुसरा. तुमच्या गावाजवळच्या त्या मोठ्या कॉलेजनं कोल्बीला बोलावलंय. जूनमध्ये जातील. मार्ली बशा वर्तमानपत्रात गुंडाळतेय, आणि सप्टेंबरात तिला बाळ होणार आहे. कोल्बीला असं बोलावणं येणार हे मला गेल्या पानगळीपासून दिसत होतं, दादा. संथ खेळून निम्मे सामने हरणाऱ्याला कुणी हजार मैलांवरून बोलवायला येत नाही. तो आयुष्यभर सासऱ्याच्या गावात राहतो. हे रेडिओवर कसं सांगणार होतो? पोरगं हुशार आहे. त्यानं जायलाच हवं.

सप्टेंबरात तुझ्या गॅरेजवरची खोली रिकामी आहे ना? आर्डिस दोन आठवडे म्हणते, मी बर्फ पडेपर्यंत म्हणतो. पत्रानं कळवत बसू नकोस. हे हातात पडताच फोन कर.