सव्वानऊ इंच अर्थशास्त्र

१८ जून १९७९
आजपासून रोजनिशी. उद्देश एकच. सूड.
विद्यापीठाचं पत्र आलंय. कॉलेजच्या ग्रंथपालाला यापुढे ग्रंथालयशास्त्राची पदवी हवी. पुस्तकं कशी ठेवावीत ते पुण्यात वर्षभर शिकवतात म्हणे! मी मॅट्रिक. बाकी सगळं आपलं आपण शिकलो. पद्धतसुद्धा स्वतःची. पुस्तकं उंचीनुसार, कवायतीला पोरं उभी करतात तशी. उंची सारखी असेल तर रंगानुसार. पोरांनी नाव सांगायचं, मी आणून द्यायचं. किल्ल्या माझ्या कमरेला.

२ जुलै
नवी ग्रंथपाल हजर. कुमारी मैना गांगुर्डे, बी. लिब. वडील एकलहऱ्याला पॉवर स्टेशनात. आल्या आल्या विचारते, निवृत्तीकाका, अर्थशास्त्र कुठंय? म्हटलं, सव्वानऊ इंचात. हसली नाही. हसली असती तर माफ केलं असतं.
ठराव : संपूर्ण असहकार. आठवड्यात रडत येईल.

११ जुलै
रडत आली नाही. किल्ल्या मागितल्या. दिल्या नाहीत. मग प्राचार्यांनी मागितल्या. दिल्या. तत्त्व वेगळं, प्राचार्य वेगळे.

३० ऑगस्ट
कपाटं सताड उघडी. पुस्तकांच्या पाठीवर आकडे. प्रत्येकाचं कार्ड, लेखकाच्या आडनावानं ओळीत, लाकडी ड्रॉवरमध्ये. दोन बुटक्या पुस्तकांत एक ताड उभा. बघवत नाही. तीन वर्षांपूर्वी मी 'गहाळ' म्हणून नोंदवलेलं पुस्तक एका पोरानं काढून दाखवलं. योगायोग.
प्राचार्य म्हणाले, निवृत्तीराव, सहायक राहायचं तर सर्टिफिकेटचा रविवारचा वर्ग पास व्हा. नाहीतर जिमखान्याचं स्टोअर सांभाळा. शिकवणार कोण? तीच! घरी सांगितलं तर कुसा म्हणते, अहो, मग व्हा की पास, त्यात एवढं काय. बायकोला राजकारण कळत नाही.

१४ सप्टेंबर
ब्रह्मास्त्र सोडलं. मॅडम पुण्याला मीटिंगला. दुपारी अख्खा ड्रॉवर टेबलावर पालथा केला आणि पत्ते पिसतात तसा पिसला. चहा थोडा सांडला, हरकत नाही. शिपाई यादव दारात उभा. काय साहेब, रमी का तीन पत्ती? म्हटलं, दुरुस्ती. त्यालाही चहा पाजला.
पुढच्या आठवड्यात विद्यापीठाची कमिटी. ड्रॉवर उघडतील, पदवीची छी थू होईल, मला बोलावतील. नवा शर्ट शिवायला टाकला.

२१ सप्टेंबर
कमिटी आली. तो ड्रॉवर जागेवरच नव्हता. मॅडम म्हणाल्या, दुरुस्तीला काढलाय. कमिटी खूश होऊन गेली. मला कुणी बोलावलं नाही. शर्ट चांगला शिवलाय.

२ डिसेंबर
रविवारच्या वर्गाची प्रॅक्टिकल परीक्षा. तयारी केली नाही. अनुभवी माणसानं तयारी करणं म्हणजे स्वतःचाच अपमान.
काम : मिसळलेली कार्डं ओळीत लावा. पोरांना एकेक गड्डी, मला ज्येष्ठ म्हणून अख्खा ड्रॉवर. मान राखला, वाटलं. पहिलंच कार्ड उचललं. त्यावर चहाचा डाग.
माझाच चहा.
उंचीनुसार लावावीत, तर सगळी कार्डं एकाच उंचीची! इतकी गैरसोयीची वस्तू कुणी काढली? वेळ संपली तेव्हा मी 'ग'वर. मॅडम शेजारी येऊन हळूच म्हणाल्या, काका, पोरांच्या गड्ड्या मी मिसळल्या, पण हा ड्रॉवर तुमच्यासाठी जसाच्या तसा राखून ठेवला होता. इतकं मनापासून मला नसतं जमलं.
यादव खिडकीत दात काढत होता. दिलेला चहा वाया.

२० डिसेंबर
नापास. जिमखान्याचा चार्ज घेतला. पेपर तपासणाऱ्याची दृष्टी अधू असावी.
बॅटी, स्टंप, रॅकेटी उंचीनुसार लावल्या. देखणं काम झालंय. किल्ली पुन्हा कमरेला. उद्या मॅडम मुलींच्या बॅडमिंटनसाठी शटलच्या फुलांचा डबा न्यायला येणार. म्हणजे सूड चालत दारात येतोय. त्यांनी नाव सांगायचं, मी आणून द्यायचं. वाट बघायला लावीन.

२१ डिसेंबर
आल्या. वाट बघितली. बराच वेळ बघितली. शेवटी त्याच म्हणाल्या, काका, डबा तो बघा, त्या उंच स्टंपांच्या मागे.