उलटी लव

६ मार्च

सासूबाईंनी आज चादरीची कड उसवून संपवली. मग स्वतःचं मनगट धरलं, रक्त येईपर्यंत ओरबाडलं. माणसं ओळखत नाहीत हल्ली. मला 'अहो बाई' म्हणतात. नर्स म्हणाली, "हातात मऊ काहीतरी द्या. टेडी घरीच शिवा, विकतच्याचे डोळे उपटून गिळतील. आठवडाभर बघू. नाहीतर हात बांधावे लागतील."

बांधा, असं मनात आलं. आलं ते आलं.

७ मार्च

टेडी म्हणे मी शिवायचा! सासूबाईंचा शिवणवर्ग याच घरात चालला, एकतीस वर्षं. बेतायचं काम त्यांचं, काजं-बटणं माझी. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात हौसेनं एक फ्रॉक बेतला होता. "कापडाची माती केलीस," म्हणाल्या आणि कात्री कपाटात गेली. किल्ली त्यांच्या कमरेला. तो फ्रॉक पुन्हा दिसला नाही.

आज ती किल्ली लावून कपाट उघडलं. कात्रीला धार तशीच आहे. ती उचलताना आधी दाराकडे पाहिलं, त्याचाच राग आला.

८ मार्च

कापडाचं दुकान. ह्यांनी बजावलं होतं, "तपकिरी आण. अस्वल तपकिरीच असतं. आणि आईला भडक चालत नाही." या घरातले पडदे, उशा, माझ्या मुलीचे कपडेसुद्धा — तपकिरी, नाहीतर राखाडी. 'तुला रंगातलं कळत नाही' ऐकत केस पिकले माझे.

दुकानदारानं तपकिरी काढलं, हाताला नुसता काथ्या. मखमल सुळसुळीत, त्यांच्या बोटांत ठरणार नाही. मग वरच्या फळीवर दिसलं ते. आखूड लवेचं, मऊ, पोपटी. या रंगाला सासूबाई नाक मुरडायच्या.

तेच घेतलं. मुद्दाम.

९ मार्च

"हे काय भलतंच? निदान विचारायचंस तरी," हे म्हणाले.

कुणाला?

१० मार्च

बेतलं, शिवलं. डोळे काळ्या धाग्यानं भरले. कापूस भरताना लक्षात आलं — पाठीचा तुकडा उलटा बेतलाय. पोटावरची लव खाली उतरते, पाठीची वर चढते. आधी लवेवरून हात फिरवायचा, मग कात्री. वर्गातल्या नवख्या पोरींनाही हे पाठ होतं. मी आतल्या खोलीत काजं करता करता शंभरदा ऐकलेलं.

उसवणार नाही. त्यांना आता काय कळतंय?

११ मार्च

रंगाकडे पाहिलंच नाही त्यांनी. डोळे मिटून हात फिरवला. पोटावरून, मग पाठीवरून. तिथे थांबल्या.

"पाठ उलटी बेतली मी," म्हणाल्या. "अहो बाई, सुनेला सांगू नका हं."

का, म्हटलं.

"तिचा हात माझ्याहून चांगला. पहिलाच फ्रॉक असा सुबक बेतला होता... वर्गात नमुना म्हणून मी तोच दाखवायचे. माझा म्हणून."

नाही सांगणार, म्हटलं.