माणिककाका पीत नव्हते

ती. दीप्तीताईस,

कांदिवलीहून अनिरुद्धचा नमस्कार. मुलुंडला तुझी, भावोजींची आणि श्रुतिकाची तब्येत ठणठणीत असावी. (दहा वर्षांचं राहिलेलं एकदमच विचारून घेतो. फोनवर तू मला ब्लॉक केलंयस, म्हणून पत्र.)

माझी तब्येत तशी बरी आहे, म्हणजे वर्षभरात तीनदाच हॉस्पिटलात जाऊन आलो. पोटात असं दुखायचं की लिफ्टमध्ये कमरेत वाकूनच शिरावं लागे. वॉचमन उलट नमस्कार करी. रोगाचं नाव पॅनक्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाला सूज. दर वेळी डॉक्टरांचा पहिला प्रश्न एकच, "रोज किती घेता?" मी कोकम सरबत म्हटलं की ते "बरं बरं" म्हणून कागदावर भलतंच लिहीत. तिसऱ्या खेपेनंतर रेवती (माझी बायको, लग्नाला तू आली नव्हतीस) माळ्यावरचे डबे हुंगू लागली. सरबताची बाटली तिने शेजारणीलाही हुंगायला दिली.

शेवटी डॉ. मृणालिनी म्हणून आहेत, त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला होतं?" मी म्हटलं, काका पोटानेच गेले, पण ते दारूने. (तुझ्या बाबांच्या तेराव्याला अप्पा चारचौघांत हेच बोलले आणि तू उठून गेलीस, ती गेलीसच.)

"पिताना कुणी पाहिलं होतं?"

मी अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी पंख्याकडे.

मग जनुकांच्या तपासणीसाठी माझं नि अप्पांचं रक्त घेतलं. तिथल्या बाईंनी आपली वंशावळ काढली. पुरुषांना चौकोन, बायकांना वर्तुळ, गेलेल्यांवर तिरकी रेघ. आईने विचारलं, "ज्यांच्याशी बोलणं नाही, त्यांना काय काढायचं?" बाई म्हणाल्या, वर्तुळच. (ते तुझं.)

महिन्याने रिपोर्ट आला. माझ्या एका जनुकात दोष आहे, अप्पांकडून आलेला. अप्पांचं पोट जन्मात दुखलेलं नाही. काहींना त्रास होतच नाही म्हणे. काकांचं आता तपासता येणार नाही, पण बहुधा तेच, असं बाई म्हणाल्या. अप्पांनी चष्मा काढला. "म्हणजे माणिक शपथा घ्यायचा, ते खरं होतं?" त्या दिवशी ते जेवले नाहीत. (एरवी उपासालाही जेवतात.)

बाकी सगळं ठीक.

तुझा,
अनिरुद्ध

ता. क. : खरं काम हे. श्रुतिकाचं पोट सारखं दुखतं आणि तू म्हणतेस शाळा बुडवायची नाटकं, असं शकुआत्याकडून कळलं. ताई, तिला डॉक्टरांकडे ने. आणि तू स्वतः ही तपासणी करून घे. दोष तुझ्यात निघाला, तर तिच्यात असण्याची शक्यता निम्मी. नाही निघाला, तर ही एक काळजी मिटली.

ता. क. २ : रविवारी अप्पा तुझ्याकडे येतील. मुलुंडला छत्री दुरुस्त करायला आलो होतो, असं सांगतील. छत्री नवी आहे. त्यांना आत घे.