दोन भुलाबाई

सेक्टर १०, भिलाई
२९ ऑक्टोबर १९९६

ती. सौ. रत्नाताईस,
धाकट्या नलूचा सा. नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. भाऊजींचा गुडघा आता बरा असेल. इकडे थंडी पडू लागली, मी ऑफिसात स्वेटर घालून जाते. बाकी सगळं ठीक.

ठीक नाही, ताई. समोरचे गुलाबराव धनतेरसला तुमसरला येतील तेव्हा तुझ्याकडे बसतीलच, आणि चहा गार व्हायच्या आत सगळं सांगून मोकळे होतील. त्यांच्याआधी हे पत्र पोचावं म्हणून घाई.

कोजागिरीला दुपारी इथल्या बायका भुलाबाईची मिरवणूक काढतात. ढोल, फेटे, सोंगं, नुसता धुडगूस. हातगाड्यांवर घरोघरची मातीची भुलाबाई आणि शेजारी तिचा नवरा भुलोजी. यंदा आमच्या गाडीवर भुलोजी नव्हता. दोन भुलाबाई होत्या, दोघींना हिरव्या बांगड्या, आणि मागे गुलाबी फेटे बांधून नाचणाऱ्या आम्ही सात जणी.

या सात जणींबद्दल तुला कधी लिहिलं नाही. दोन वर्षांपासून दर रविवारी आम्ही ताराच्या शिवणक्लासच्या खोलीत भेटतो. बायांवर जीव जडलेल्या बाया. ताराच म्हणाली, खोलीत किती दिवस लपायचं, एकदा रस्त्यावर गाऊ. तारा म्हणजे माझी भाडेकरीण, असं मी तुला सहा वर्षं सांगत आले.

चौकात शेजारच्या सिंधुताईंनी विचारलं, "भुलोजी कुठं ठेवला वो?"

तारा म्हणाली, "यंदा दोघीच आहेत, काकू. आमच्या घरी बी आमी दोघीच आहो. मी अन् नलू, नवराबायकोवानी."

ढोल थांबला. पानठेल्यावरून गुलाबराव आले. "कावून वो नलूबाई, काय म्हणून राहिली ही?"

आणि मी फेटा सोडला, ताई. म्हणाले, "मले काय मालूम? किरायदार आहे माही."

ताराने ऐकलं. मी घराकडे पळाले. सिंधुताईंनी दोन्ही भुलाबाईंना कुंकू लावलं की नाही, ते पाहायलाही थांबले नाही. तारा गाडी एकटीच ढकलत आली आणि संध्याकाळी नेहमीसारखी दोन ताटं वाढली.

तेव्हापासून दारावर कोणीतरी खडूने आमची नावं लिहितं, पुढे घाण शब्द. मी पुसते, सकाळी पुन्हा असतात. साहेबांनी बोलावलं की वाटतं, ऑफिसचं क्वार्टर गेलं. पण खरी भीती तुझी आहे. आई गेल्यावर तुझं घर हेच माझं माहेर. तेही बंद झालं तर मी काय करू, मला खरंच कळत नाही.

तरी दिवाळीला दोघी येऊ म्हणते. नको असेल तर एक ओळ लिही, येणार नाही. एकटी मात्र आता येणार नाही.

पाकिटामागे दरवेळी माझ्या एकटीचं नाव असतं. या वेळी दोघींचं लिहिलं आहे. पोस्टमन वाचेल, भाऊजी वाचतील.

तुझ्याच,
नलू आणि तारा