तिसऱ्या भागातला म्होरक्या

प्रिय वन्सं,

साष्टांग नमस्कार. (तू माझ्याहून चार वर्षांनी लहान, म्हणजे खरं तर मी आशीर्वाद लिहायला हवा. पण जिला काही मागायचं आहे तिनं आधी वाकलेलं बरं.) तुझी पाठ कशी आहे? तिकडचे दुकानदार सरळ आहेत, की अजून वजनमापांच्या तपासणीत तुला गल्ल्यामागे वाकून वजनकाट्याखाली चिकटवलेलं चुंबक शोधावं लागतं? इकडे तुझ्या दादाचा गुडघा तोच, तक्रार तीच. मी अजून त्याच लॅबमध्ये अनोळखी लोकांच्या कवळ्या बनवते आहे. नऊ वर्षं आपलं फोनवरचं बोलणं हवापाणी आणि गुडघा यांच्यापुढे गेलेलं नाही, म्हणून म्हटलं, लिहूनच बघावं.

तर आपल्या त्या व्हिडिओ गेमचा पाचवा भाग आलाय. तलवारी, जादू, ड्रॅगन सगळं जागच्या जागी, आणि गिल्डं, म्हणजे संघ, तेही तेच तीन: लढवय्यांचं, जादूगारांचं, चोरांचं. तीन महिन्यांपूर्वी एका रविवारी सकाळी चहा घेऊन बसले आणि दुपारच्या जेवणाआधी तिन्ही गिल्डांची प्रमुख झाले. जादूगारांची तर एकही मंत्र न म्हणता, निव्वळ कुऱ्हाडीच्या जोरावर. (आमच्या लॅबचे नवे साहेब असेच आलेत. जन्मात एक दात बसवलेला नाही, पण ‘हसू’ या विषयावर तासभर बोलतात.) पहिला भाग आठव. चार महिने आपण लढवय्यांची पत्रं पोचवली, त्यांच्या गोदामातले उंदीर मारले, आणि शेवटी प्रमुखानं विचारलं, “तू नवीन का?” दुसऱ्यात जादूगार परीक्षा घ्यायचे. तू नापास झालीस तेव्हा मी घरभर सांगितलं; मी झाले तेव्हा तू कुणाला बोलली नाहीस. चौथा मी एकटीच खेळले. त्यात चोरांच्या गिल्डचा नियम होता, की ज्या घरात एकच खाट आहे तिथे चोरी करायची नाही. तुला काय आवडला असता! सांगायला म्हणून बाजूला वळले, तर शेजारी इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग.

आता तिसरा. (इतका वेळ टाळत होते, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.) तेव्हा आपल्याकडे मशीनचं मेमरी कार्ड एकच, त्यावर खेळ जपून ठेवायला सेव्ह एकच, म्हणून नायिकाही दोघींत एकच. सकाळी ती माझी, लढवय्यांत. संध्याकाळी तुझी, चोरांत. दिवसभर पाच ग्रॅमसाठी दुकानदारांना घाम फोडणारी बाई संध्याकाळी लोकांचे खिसे कापायची, आणि वर गुणगुणायची! तुझा जीव त्या चोरांच्या खोकणाऱ्या म्होरक्यावर. तू गेलीस की तो शेगडीजवळून म्हणायचा, “ये पोरी, दमलीस?” तू म्हणालीस, “वहिनी, माझ्या ऑफिसात बारा वर्षांत हे कुणी विचारलं नाही गं.” आणि त्या शनिवारी, तू तपासणीला गेलेली असताना, माझ्या प्रमुखानं हुकूम दिला, की चोरांच्या म्होरक्याला संपव. मी संपवला. सेव्ह केलं. वर त्याची टोपी नायिकेच्या डोक्यावर घातली, छान दिसली म्हणून.

तू आलीस, वजनांची पेटी अजून हातातच, आणि पडद्याकडे बघून विचारलंस, “वहिनी, ही टोपी कुठली?” मी म्हटलं, “हुकूम होता बाई, इलाज नव्हता.” तू पेटी खाली ठेवलीस, पाणी प्यायलीस आणि खोलीत गेलीस. दोन महिन्यांनी तुझी बदली झाली. तुझा दादा लोकांना सांगतो, बढती होती. मीही तेच सांगते. बदलीचा अर्ज तू स्वतः केला होतास, हे आम्हां दोघांनाही माहीत आहे.

पाचव्या भागात हे काही होतच नाही. तिथे चोरांची प्रमुख झाले म्हणून लढवय्यांना राग नाही, लढवय्यांची झाले म्हणून चोरांना दुःख नाही. सगळे येताजाता वाकून नमस्कार करतात. मला इतकं कंटाळवाणं वाटलं, की माळ्यावरून जुनं मशीन काढलं, पुसलं, आणि तिसरा भाग अगदी पहिल्यापासून सुरू केला. या वेळी फक्त चोरांत. अकरा वेळा तुरुंगात गेले, त्यातल्या चार वेळा एकाच चमच्यासाठी. पण म्होरक्या जिवंत आहे गं. तसाच खोकतो, तसंच विचारतो. त्याची शेवटची कामगिरी राहिलीय: तिजोरीचं सात खिट्ट्यांचं कुलूप. सहा आठवडे झाले, उघडत नाही. तुझा दादा म्हणतो, “दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालतेस, एक कुलूप उघडत नाही?” (तोंडात हात डॉक्टर घालतो, मी नाही. इतकी वर्षं संसार करून माणसाला हेही ठाऊक नसावं!) तेव्हा दोन दिवस ये आणि एवढं कुलूप काढून दे. तुझ्या खोलीत सध्या माझे प्लास्टरचे साचे आहेत, ते हलवते.

तुझी,
वहिनी

ता. क. मघाशी पुन्हा लिहिलं, ‘हुकूम होता, इलाज नव्हता.’ नऊ वर्षांची सवय. परवा तो हुकूम पुन्हा ऐकण्यापुरती लढवय्यांकडेही जाऊन आले. प्रमुख तो हुकूम देतो तेव्हा खाली तीन उत्तरं येतात. तिसरं आहे: ‘हे माझ्याच्यानं होणार नाही.’ ते तेव्हाही होतं आणि मी ते वाचलं होतं. मी लढवय्यांत होते त्याहून तू चोरांत दोन हुद्दे पुढे गेली होतीस, आणि रोज जेवताना त्या म्हाताऱ्याचं कौतुक. दुसरं काही कारण नव्हतं. चुकलं माझं.

ता. क. दुसरा. तुझा दादा खांद्यावरून वाचतोय आणि म्हणतोय, सगळं खरं लिहितेसच, तर कुलपाचंही लिही. बरं. कुलूप मंगळवारीच उघडलं. आत काय आहे ते न बघता, सेव्हही न करता मी मशीन बंद केलं आणि आधीच्या सेव्हवर परत गेले. आता ते पुन्हा बंद आहे. तू येईपर्यंत तसंच राहील.