भोंग्याच्या सुरातली गत

अप्पा, तुमच्या त्या मुरबे गावच्या शिष्येनं तुमची गत रेकॉर्ड केली आहे. फोनवर कुणालाही ऐकता येते. खाली माहिती दिली आहे: संथ लय, ई फ्लॅट मायनर, भाव उदास. 'गुरूंची रचना' म्हणून तुमचं नावही आहे. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. अंगाचा तिळपापड झाला, आणि राग अजून शांत झालेला नाही.

सूर वाचून आधी मी हसले. तुम्ही ही गत साध्या ई मायनरमध्ये बसवली होती. पण सरावलीच्या आपल्या खोलीत गिटार लागायची ती तुमच्या केमिकल कंपनीच्या भोंग्यावर. शिफ्ट सुटताना भोंगा झाला की तुम्ही पाचवी तार त्याला मिळवायचात आणि तिच्यावरून बाकीच्या. तुमच्याकडे शिकणारी आसपासची मुलंही आपापल्या घरी तेच करायची, त्यामुळे रविवारी सगळ्यांच्या गिटारी एकमेकींशी जुळलेल्या असायच्या. फक्त तो भोंगा अर्ध्या सुरानं उतरलेला होता, म्हणून ई मायनरचं ई फ्लॅट मायनर व्हायचं. मी पालघरहून सूर दाखवणारं यंत्र आणलं, तेव्हा तुम्ही ते उलटसुलट करून पाहिलंत आणि म्हणालात, "अख्खी वसाहत ह्या सुरावर कामाला जाती. तुझं यंत्र कोण ऐकतंय?" यंत्र डब्यात गेलं.

मग ती आली. तिची आई आपल्या गल्लीत मासे घेऊन यायची. एकदा पाटी उतरवून तुमचं वाजवणं ऐकत बसली आणि म्हणाली, "माजे पोरीला शिकवा ना मास्तर, ती दिसभर गुणगुणतंच असते." मुरब्यात आपला भोंगा ऐकू येत नाही. पोरगी तो सूर आपल्याकडून मनात धरून घरी न्यायची आणि पुढच्या रविवारी गिटार बरोब्बर लावून आणायची. तुम्ही माझ्याकडे बघून म्हणायचात, "बघ. हिला भोंगा लागत न्हाई." भोंग्याच्या दारात राहून माझ्या तारा मात्र कधी जाग्यावर नसायच्या. इतकी वर्षं झाली, तुम्ही गेलात, तरी ते वाक्य आठवलं की मला जळायला होतं. दहावीच्या अभ्यासासाठी मी गिटार सोडली असं तुम्ही समजलात. मी तिच्यामुळे सोडली.

तर रेकॉर्डिंग लावून मी चुका शोधायला बसले आणि हाती घबाडच लागलं. भाव म्हणे उदास! ही गत कुठे जन्मली ते मला माहीत आहे. तुम्ही रात्रपाळी करून आला आहात, कपड्यांना अजून केमिकलचा वास आहे, आणि अंघोळ करायची सोडून स्वयंपाकघरात पाटावर बसला आहात. आई परातीत भाकरी थापते आहे, तिच्या थापटण्यावर तुम्ही तारा छेडता आहात, हसता आहात. मी ताट वाजवते आहे. यात उदास काय आहे? आणि भाकरी थापायची लय संथ कशी असेल? हे सगळं माझ्या घरात झालं होतं, तिच्या नाही.

गेल्या महिन्यात पालघरला तिचा सत्कार झाला. मी गेले ती अभिनंदन करायला नाही, चार शब्द सुनावायला. कार्यक्रम संपल्यावर तिला गाठलं आणि म्हणाले, "अप्पा ही गत उदास वाजवायचे नाहीत." ती हसली. "ते ॲपवाल्यांनी लिवलंय गं. मी कुटं उदास वाजवलंय? मला तर सर हसतानाच दिसतात." मग मी सुराचं काढलं. "स्टुडिओत बोलले ना, वर चढव म्हणून. मी बोलली, आमचे सरांचा सूर ह्योच हाय." आता माझ्याजवळ लय तेवढी उरली होती. "ते याहून जलद वाजवायचे," मी ठासून सांगितलं. तिनं लगेच स्वतःची गिटार माझ्यापुढे धरली. "मग दाव ना. चुकलं आसंल तर मी परत रेकॉर्ड करीन." बोलण्यात खोच नव्हती, आणि तेच जास्त झोंबलं. मी उशीर झाल्याचं कारण सांगून तिथून निघाले.

घरी येऊन आईला विचारलं, "तुझी भाकरी थापायची लय जलद होती ना गं?" आई म्हणाली, "माझं हात कवा घाईत असायचं? तुलाच भूक निघायची न्हाई. ताट बडवून घर डोक्यावर घ्यायचीस." म्हणजे लयही तिचीच बरोबर. घाई होती ती माझी. 

अप्पा, हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही आणि तिला दाखवायची माझी तयारी नाही, म्हणून लिहून टाकते. तिनं गिटार पुढे धरली तेव्हा लय सोडाच, तुमच्या रचनेचा पहिला सूरही मला आठवत नव्हता. हक्क सांगायला गेले होते आणि बोटांत तुमचं काहीच उरलेलं नव्हतं. आता रोज ऑफिसातून आल्यावर मी दार लावून घेते आणि ती गत शिकायला बसते. तिच्या रेकॉर्डिंगवरून.