एक्स-रे फिल्मच्या चकत्या

अप्पा,

तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा आठवायला मला भिंतीवरच्या फोटोकडं बघावं लागतं. तुमचं काम मात्र न बघता आठवतं. बाजारातला फायबरचा वॉशर तुम्हाला चालायचा नाही. स्टेशनजवळच्या एका डॉक्टरकडून तुम्ही एक्स-रेच्या जुन्या फिल्म मागून आणायचात आणि पंच ठोकून त्यांच्या गोल चकत्या पाडायचात. जिथून म्हणून करंट जाऊ द्यायचा नाही, तिथं तुमची ती निळसर काळी चकती बसायची. उजेडात धरली की कुणाच्या तरी बरगडीची सावली दिसायची. गाड्यांची वायरिंग करणारे सोलापुरात कमी नव्हते, पण असल्या चकत्या फक्त तुमच्या. गिऱ्हाइकं कौतुकानं सांगायची. मीही सांगायचो.

होटगी रस्त्यावरच्या त्या दुकानात मी तुमच्या हाताखाली शिकलो. एकदा एका जीपच्या बॅटरीला मी उलटं कनेक्शन दिलं. तेव्हा रस्त्यावर दोन्ही तऱ्हेच्या गाड्या होत्या, कुणाच्या बॉडीला प्लस, कुणाच्या बॉडीला मायनस, आणि मी आधी बघायचं विसरलो. कॉलेज अर्धवट सोडून आलेला, मिशा फुटलेला तुमचा मुलगा मी. तुम्ही आवाज चढवला नाहीत. प्लगची वायर काढलीत आणि माझ्यासमोर धरलीत. "धर." मी हात मागं घेतला. "धर म्हणतो न्हवं." मी धरली, आणि तुम्ही जीपच्या ड्रायव्हरला सेल्फ मारायला सांगितलंत. मी मागच्या टायरांच्या ढिगावर जाऊन आदळलो. दुकानातले सगळे हसले, ड्रायव्हरसुद्धा. तुम्ही हसला नाहीत. "आता इसरणार न्हाईस," म्हणालात आणि कामाला लागलात. ही गोष्ट पुढं मी लोकांना गंमत म्हणून सांगत आलो. ऐकणारे म्हणतात, शिकवणारा असा पाहिजे. मी मान हलवतो.

लग्न झाल्यावर विजापूर रस्त्याला स्वतःचं दुकान काढायचं मी ठरवलं. तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही जेवत होता. मान वर न करता "बरं" म्हणालात. एवढ्यावर सुटलो असं मला वाटलं. पहिलंच मोठं काम आलं ते विडी कारखान्याच्या शेठजींचं. त्यांची काळी अँबॅसिडर, आणि मेहुण्यानं कुवेतहून आणलेला टेप. डॅशबोर्डात बसणारा कॅसेट प्लेअर, त्याचा वेगळा अ‍ॅम्प्लिफायर, आणि नुसता खालचा, ढोलासारखा आवाज काढणारा मोठा स्पीकर, लाकडी पेटीसकट. असलं सामान मी तोवर बघितलेलं नव्हतं. सोबतच्या कागदावरचं चित्र समोर ठेवून मी एकेक वायर ओढली. अ‍ॅम्प्लिफायर आणि पेटी डिकीत बसवली. बॅटरीपासून डिकीपर्यंत जाड वायर आणली. अ‍ॅम्प्लिफायरला गेलेला करंट परत यायचा तो गाडीच्या बॉडीतून, म्हणून त्याच्या अर्थिंगच्या वायरला तांब्याची रिंग लावली, डिकीतला रंग पॉलिश पेपरनं घासून पत्रा उघडा केला आणि रिंग बोल्टनं त्यावर आवळली. प्लेअरपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत एक बारीक वायर. तिच्यातून फक्त गाणं जायचं.

दुकानाची पूजा होती त्या दिवशी ती गाडी दारातच उभी होती. पूजा आटोपली की शेठजी न्यायला येणार होते. तुम्ही आलात. स्वच्छ धोतर, कपाळाला विभूती, हातात नारळ. आणि तुमचा टेस्ट लॅम्प, जो तुम्ही कुणाला हात लावू द्यायचा नाहीत, तो मला दिलात. "घे. हेच्याबिगर काम करू नगंस." माझ्या पाठीवर हात ठेवलात. मग म्हणालात, "बघू की तुजं काम," आणि मी धावत जाऊन डिकी उघडली. तेवढ्यात पाहुणे आले, मी चहा द्यायला आत गेलो. आतून मला तुमचे पाय तेवढे दिसत होते, बाकीचे तुम्ही डिकीत. येईल त्याला मी सांगत होतो, अप्पा स्वतः तपासतायत. थोड्या वेळानं तुम्ही बाहेर आलात, धोतराच्या सोग्याला हात पुसलेत आणि म्हणालात, "बरं हाय."

माझ्या कामाला तुम्ही बरं म्हणायची ती पहिली वेळ. मी दिवसभर जमिनीवर नव्हतो.

शेठजी दुसऱ्या दिवशी करमाळ्याला कमळाभवानीच्या दर्शनाला निघाले. मोहोळच्या पुढं रस्ता मोकळा लागला तसा त्यांनी पाहुण्यांना ऐकवायला आवाज वाढवला. डॅशबोर्डमधून धूर आला. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोनं घाबरून टेप बंद करायला हात घातला. वितळलेलं प्लॅस्टिक बोटांना चिकटलं, ते निघता निघेना. दर्शन राहिलं बाजूला, तिथूनच गाडी माघारी फिरली. शेठजींनी ती माझ्या दारात आणून लावली आणि रस्त्यावरच्या लोकांना ऐकू जाईल असं बोलले. "कालपासनं आतनं गुणगुण येत हुती, मी म्हणलं नवीन हाय, आसंल. मानसं जाळाय बसला हुतास व्हय रं? टेप नीट करून दे, न्हाय तर पोलिसात देतो."

ते गेल्यावर मी शटर अर्धं ओढून घेतलं आणि सुरुवातीपासून बघत निघालो. प्लेअर काढला, आतल्या सर्किटवरचा तांब्याचा पट्टा जळून काळा झाला होता. फ्यूज शाबूत. जाड वायर शाबूत. आणि ती बारीक वायर मात्र डॅशबोर्डपासून डिकीपर्यंत सगळी वितळलेली, गालिच्याला चिकटलेली. मी तिथंच खाली बसलो. जिच्यातून नुसतं गाणं जातं ती वायर जळेलच कशी? जळायची एकच वाट होती. अ‍ॅम्प्लिफायरचा सगळा करंट परत जायला बॉडी सोडून त्या बारीक वायरीत घुसला असणार. म्हणजे अर्थिंग तुटलेलं. मी डिकीत शिरलो. बोल्ट जागेवर होता, हलवून बघितला, घट्ट. तुम्ही दिलेला लॅम्प लावला, एक टोक बॅटरीकडून आलेल्या जाड वायरीला, दुसरं अर्थिंगच्या रिंगला. लॅम्प पेटला नाही. रिंगवरून काढून बाजूच्या उघड्या पत्र्याला लावला, लख्ख पेटला. खरं सांगतो अप्पा, मला आनंद झाला. दोष सापडल्याचा आनंद, तुम्हीच लावलेली सवय. आता हे पळत जाऊन अप्पांना दाखवायचं, असंही मनात आलं.

मग मी बोल्ट खोलला. वर माझाच लोखंडी वॉशर होता. त्याच्याखाली निळसर काळी चकती. तिच्याखाली तांब्याची रिंग. रिंगच्या खाली दुसरी चकती. आणि बोल्टच्या दांड्यालासुद्धा प्लॅस्टिकची नळी चढवलेली, रिंग कुठूनच लोखंडाला टेकू नये म्हणून. चुकून राहावं असं त्यात काहीच नव्हतं. माप बोल्टाचं होतं, कड साफ होती. पंच ठोकून पाडलेल्या चकत्या तुम्ही नारळाबरोबर घरूनच आणल्या होत्या. म्हणजे पाठीवर हात ठेवलात तेव्हा त्या तुमच्या खिशात होत्या.

घरी आलो तेव्हा भर दुपार होती. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसला होता आणि आई, आपली अव्वा, चुलीपाशी भाकरी थापत होती. वाटेत मी तुमच्यासाठी काय काय सबबी रचल्या होत्या. मी तोंड उघडायच्या आत तुम्हीच विचारलंत, "सापडलं?"

मी तळहात पुढं केला. शेंगाचटणीत दही कालवता कालवता तुम्ही डाव्या हातानं एक चकती उचललीत, खिडकीच्या उजेडात धरलीत.

"माझीच हाय. झ्याक कापलीया की."

"अप्पा, त्या बाईंची बोटं भाजली."

"बोटं भरून येत्यात."

"का केलंत?"

तुम्ही घास गिळलात, पाणी प्यालात. "शेठ माझ्या दुकानात आला हुता. माझ्या मानसांसमोर काय म्हणाला ठावं हाय? अप्पा, पोराचा हात तुमच्यापरीस साफ हाय, ह्या खेपंला काम त्येच्याकडंच देतो." तुम्ही माझ्याकडं बोट केलंत. "नोड," म्हणालात. बघ म्हणून सांगताना तुम्ही नेहमी कन्नडवर जायचात. "नोड. ह्या गावात आपलं एकच दुकान. दुसरं मी मेल्यावर काढ."

आणि माझ्या तळहातावरची दुसरी चकतीही उचलून तुम्ही दोन्ही चुलीत टाकल्यात. त्या आक्रसल्या, काळा धूर निघाला, घाण वास सुटला. अव्वानं तवा उचलून बाजूला धरला. "भाकरीला वास लागंल की," एवढंच म्हणाली. माझ्याकडं तिनं बघितलं नाही.

"उद्या सकाळी दुकानात ये," तुम्ही म्हणालात. "शेठला बोलवतो. समद्यांसमोर म्हन, अर्थिंग द्यायचं ऱ्हायलं, माझी चूक झाली. टेप मी नीट करून देतो. न्हाय म्हनायचं आसंल तर तू हायस आन् पोलीस हाईत. जेवतोस का?"

बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "चकत्या त्यांच्याच हातात दिल्यात?"

दुसऱ्या दिवशी मी शेठजींची गाडी घेऊन आलो. तुम्हाला माहीत होतं मी येणार. दुकानात माणसं नेहमीपेक्षा जास्त होती, तुम्ही सांगावे धाडले असणार. शेठजी आले, बायकोला घेऊन आले. त्यांच्या बोटांना पांढऱ्या पट्ट्या होत्या. मी म्हणालो. "अर्थिंग द्यायचं राहिलं. माझी चूक झाली." तुम्ही म्हणालात, "मोठ्यानं." मी मोठ्यानं म्हणालो. शेठजी तुमच्याकडं बघून हसले, "अप्पा, माझंच चुकलं, तुमाला सोडून गेलो." आणि त्या बाई, ज्यांनी मला शिव्या द्यायच्या, त्या म्हणाल्या, "असू द्या हो. शिकंल की हळूहळू." त्या दिवसात मला तेवढंच सहन झालं नाही.

मग तुम्ही प्लेअर खोललात, जळलेल्या पट्ट्याच्या जागी तांब्याची तार डाकलीत, बारीक वायर नवी ओढलीत. काय हात होता तुमचा. शेवटी अर्थिंगची रिंग माझ्या हातात दिलीत. "हे तू लाव. समदी बघत्यात." मी डिकीत वाकलो आणि तुम्ही माझ्या डोक्यावर उभं राहून नवशिक्याला सांगावं तसं सांगत होता. पत्रा घास. हां. आता रिंग. हळू. आता आवळ. दर वेळी लोक हसत होते. टेप वाजला, तो ढोल घुमला, कुणी टाळ्या वाजवल्या. शेठजींनी पेढे मागवले. एक पेढा तुम्ही स्वतः माझ्या तोंडात घातलात आणि मी तो खाल्ला.

विजापूर रस्त्याचं दुकान आठवडाभरात बंद झालं. कुणी गाडी आणेना. तुम्ही म्हणालात, परत ये. तेवढं मात्र मी केलं नाही, एसटीच्या डेपोत लागलो. तिथं बसच्या दिव्यांत आणि डायनॅमोत माझा जन्म गेला. दर सणाला मी तुमच्याकडं येऊन पाया पडलो. तुम्ही विचारायचात, "काम बरं हाय न्हवं?" मी म्हणायचो, बरं आहे. चकत्यांचा विषय आपण पुन्हा काढला नाही. मी वाट बघत होतो की कधीतरी तुम्ही काढाल. मरायला टेकलात की काढाल, अशी माझी समजूत होती. तुम्ही तेवढाही वेळ ठेवला नाहीत, एका दुपारी स्टुलावर बसल्या बसल्या गेलात. आपल्यातल्या रीतीनं तुम्हाला खड्ड्यात बसवलं, मी विभूती लावली, माती लोटली. बाजूला लोक बोलत होते की असा कारागीर पुन्हा होणार नाही. पोराची चूकसुद्धा पदरात घेतली, असं एकजण म्हणाला. शेठजीच होते ते. मी त्यांच्याकडं वळून हात जोडले.

माझी बायको म्हणते, मेलेल्या माणसाशी भांडून काय मिळतं. काही मिळत नाही. पण तिनं कधी तुम्हाला हार घातला नाही, मी मात्र रोज घालतो, आणि रोज घालताना माझ्या मनात काय येतं ते तिला ठाऊक नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, हे लिहायला बसतानाच ठरलेलं होतं. तुम्ही अक्कलकोटकडचे, शाळा शिकलात ती कन्नड. मराठी बोलायचात झकास, पण वाचायची म्हटली की चष्मा विसरल्याचं सांगून कागद माझ्याकडं सरकवायचात. तुमची अक्षरं तुम्ही मला शिकवलीत. मी अगदी लहान, शाळेतही जात नव्हतो, तेव्हा दुपारी गिऱ्हाईक नसलं की दुकानाच्या फरशीवर खडूनं, मांडीवर घेऊन. चुकलं तर मारायचा नाहीत, पुसून पुन्हा काढायचात. अजूनही मला कन्नड झरझर लिहिता येतं.

तरी हे सगळं मी मराठीत लिहिलं, अप्पा. तुम्हाला वाचता येऊ नये म्हणून.